घरातलं रबराचं झाड: आधी उजेड, मग कुंडी

मेघालयात खासी आणि जैंतिया लोक ओढ्यांवर जिवंत मुळांचे पूल घडवतात. नोंग्रियाट गावचा दुमजली पूल त्यातला सगळ्यात प्रसिद्ध. ज्या झाडाची मुळं वळवून हे पूल तयार होतात, तेच झाड आपल्याकडे नर्सरीत काळ्या पिशवीत 'रबर प्लांट' म्हणून मिळतं. शास्त्रीय नाव फायकस इलॅस्टिका. वड, पिंपळ, उंबर, अंजीर ही त्याची भावंडं. ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या पावसाळी जंगलांत ते ३० मीटरच्याही वर जातं. (केरळातल्या मळ्यांतलं रबराचं झाड वेगळं. ते ब्राझीलमधून आलेलं हेविया. आपल्या झाडाच्या चिकापासूनही पूर्वी रबर काढत, पण हेवियापुढे ते टिकलं नाही.)

हे झाड घरात कसं वागेल, ते या जन्मकथेत लिहिलेलं आहे. जंगलात लहानपणी ते मोठ्या झाडांच्या सावलीत तग धरतं, म्हणून दिवाणखान्यातही जगतं. पण ते सावलीचं झाड नाही, उजेडाकडे जायला निघालेलं झाड आहे. बऱ्याचदा त्याचं बी दुसऱ्या झाडाच्या फांदीवर रुजतं आणि मुळं हवेतून खाली उतरतात. त्यामुळे मुळांना ओल हवी असते, पण तितकीच हवाही हवी असते. घरात मेलेली बहुतेक रबराची झाडं कमी उजेड आणि जास्त पाणी या जोडीनं मेलेली असतात, आणि त्यात उजेड कमी पडणं हे मूळ कारण असतं. उजेड कमी असला की झाड पाणी कमी पितं, माती ओलीच राहते आणि मुळं कुजतात. म्हणून या लेखात सगळ्यात आधी जागा येते. रोप त्यानंतर.

पहिली पायरी: जागा ठरवा, मग नर्सरीत जा

सोफ्याशेजारचा रिकामा कोपरा सुंदर दिसेल म्हणून तिथे झाड ठेवायचं, हा विचार आधी बाजूला ठेवा. आपला डोळा अंधाराला पटकन सरावतो, त्यामुळे खोली आहे त्यापेक्षा उजळ वाटते. उजेड लक्स या एककात मोजतात. बाहेर भर उन्हात १ लाख लक्सच्या आसपास उजेड असतो. खिडकीपासून तीन मीटर आत तोच काहीशे लक्सवर येतो. मोबाईलवर उजेड मोजणारं अॅप मिळतं, ते अगदी अचूक नसलं तरी दोन कोपऱ्यांची तुलना करायला पुरतं. अॅप नको असेल तर दुपारी बाराच्या सुमारास त्या जागी पांढरा कागद ठेवा आणि त्यावर फूटभर उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा स्पष्ट दिसल्या तर जागा उत्तम. सावली धूसर असली तर चालेल, वाढ हळू होईल. सावली पडतच नसेल तर तिथे हे झाड ठेवू नका.

पूर्वेची खिडकी सगळ्यात चांगली, कारण सकाळचं कोवळं ऊन या झाडाला मानवतं. पश्चिमेच्या खिडकीत मार्च ते मेमध्ये दुपारनंतर पानं भाजतात, तिथे पातळ पडदा हवा. उत्तरेची खिडकी मोठी आणि समोर इमारत नसलेली असेल तर पुरते. दक्षिणेच्या खिडकीबद्दल इंग्रजी पुस्तकांत आणि व्हिडिओंत जे सांगतात ते आपल्याकडे तसंच्या तसं लागू होत नाही. महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. उन्हाळ्यात सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, जूनमध्ये तर दुपारी थोडा उत्तरेला कलतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून तेव्हा थेट ऊन येतच नाही. डिसेंबर-जानेवारीत मात्र तेच ऊन खोलीत खोलवर शिरतं. म्हणून वर्षातून दोनदा, दिवाळीनंतर आणि होळीच्या सुमारास, झाडाची जागा पुन्हा तपासा.

खिडकीपासून एक-दीड मीटरच्या आत ठेवा. काळी फिल्म लावलेली काच, जाड पडदे आणि डासांची जाळी बराच उजेड खातात, तो हिशेबात धरा. एसीचा झोत किंवा कूलरची हवा थेट पानांवर येता कामा नये. घरात पुरेसा उजेड नसेलच, तर २०-३० वॉटचा पांढरा एलईडी दिवा शेंड्यापासून दीड-दोन फुटांवर रोज १०-१२ तास लावता येतो. हा उपाय चांगला चालतो, फक्त त्यात खंड पडू देऊ नका.

चीक येणारं झाड घरात नको, असं काही घरांत मानतात. तो निर्णय तुमच्या घरानं घ्यायचा. व्यवहारात एवढं खरं की या झाडाचा पांढरा चीक त्वचेला खाज आणू शकतो, रबराच्या हातमोज्यांची अॅलर्जी असलेल्यांना त्याचा त्रास होऊ शकतो, आणि मांजर-कुत्र्यानं पान चघळलं तर तोंड चुरचुरतं, उलटी होते. घरात रांगतं मूल असेल तर कुंडी त्याच्या हाताला लागणार नाही अशी ठेवा.

दुसरी पायरी: रोप निवडणं

नवख्यांनी साधं हिरवं किंवा गडद तांबूस-काळपट पानांचं रोप घ्यावं. नर्सरीत त्यांना 'रोबस्टा', 'डेकोरा', 'बरगंडी' किंवा 'ब्लॅक' म्हणतात. पांढरट-गुलाबी छटांची 'टिनेके' आणि 'रुबी' मोहक असतात, पण त्यांच्या पानांत हरितद्रव्य कमी असल्यामुळे त्यांना आणखी उजेड लागतो. पूर्वेची मोकळी खिडकी असेल तरच त्यांच्या वाटेला जा.

उंची बघून भुलू नका. सहा फुटी, बुंध्याला पान नसलेल्या झाडापेक्षा तीन फुटी, खालपासून पानं असलेलं झाड घरात लवकर रुळतं. पानं उलटून खालची बाजू बघा, देठांच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसतंय का ते तपासा. शेंड्यावर लालसर टोकदार कोंब असेल तर झाड वाढतंय. तो कोंब म्हणजे नव्या पानावरचं वेष्टन असतं, पान उलगडलं की ते गळून पडतं. नव्या माणसाला ते पडलेलं लाल वेष्टन बघून काळजी वाटते, पण ते निरोगीपणाचं लक्षण आहे. एका पिशवीत दोन-तीन खोडं असतील तर झाड भरगच्च दिसेल. एकच खोड असेल तर उंच, सुटसुटीत होईल. दोन्ही चांगली, जागा बघून ठरवा.

हे झाड हवा शुद्ध करतं म्हणून घ्या, असं कोणी सांगितलं तर तेवढ्यासाठी घेऊ नका. १९८९ सालचा नासाचा जो प्रयोग नेहमी सांगितला जातो, तो बंद पेटीतला होता. खिडक्या उघड्या असलेल्या घरात एका कुंडीनं हवेत जाणवण्याइतका फरक पडत नाही. रात्री ऑक्सिजन देतं हेही खरं नाही. झाड आवडतं म्हणून आणावं, एवढं कारण पुरे आहे.

तिसरी पायरी: पहिला महिना काही करू नका

नर्सरीतल्या हिरव्या जाळीखाली झाडाला घरापेक्षा कितीतरी जास्त उजेड मिळत असतो. घरी आल्यावर ते खालची दोन-चार पानं टाकतं, कारण तेवढी पानं पोसण्याइतका उजेड त्याला उरलेला नसतो. अशा वेळी घाबरून कुंडी बदलणं, खत घालणं, रोज जागा हलवणं यानं गळती वाढते. ठरवलेल्या जागी ठेवा, माती तपासून पाणी द्या आणि थांबा. पहिले दोन आठवडे इतर कुंड्यांपासून दूर ठेवलं तर लपलेली कीड पसरत नाही. कुंडी बदलायची ती महिन्याभरानंतर, योग्य हंगाम आला की.

चौथी पायरी: माती आणि कुंडी

नर्सरीची पिशवीतली लाल माती बहुधा चिकट असते. प्रवासात गड्डा (मुळांभोवतीचा मातीचा गोळा) फुटू नये म्हणून ती सोयीची, पण घरात ती वाळली की विटेसारखी होते आणि ओली झाली की हवा अडवते. शेतातली काळी माती तर कुंडीत घालूच नका, ती पाणी धरून ठेवते आणि वाळली की भेगाळते.

चांगलं मिश्रण असं: दोन भाग पोयटा किंवा भुसभुशीत लाल माती, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुगा), एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, आणि एक भाग परलाइट (हलके, सच्छिद्र पांढरे खडे). परलाइट महाग वाटलं तर विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे घ्या, चाळून बारीक भुगा काढून टाका. कोकण आणि मुंबईच्या दमट हवेत हा शेवटचा भाग दीडपट करा. विदर्भ-मराठवाड्यात कोकोपीट थोडं वाढवलं तरी चालतं. मिश्रण ओलं करून मूठ आवळा: गोळा झाला आणि बोटानं टोचल्यावर फुटला, तर जमलं.

कुंडी आत्ताच्या गड्ड्यापेक्षा दोन इंचच मोठी घ्या. 'पुन्हा बदलायला नको' म्हणून एकदम मोठी कुंडी घेतली तर मुळं पोहोचलेली नसलेली माती दिवसेंदिवस ओली राहते. तळाला भोकं हवीतच. तळात खडी किंवा विटांचा थर घालायची पद्धत सर्रास आहे, पण त्यानं निचरा सुधारत नाही. पाणी खडीत उतरण्याआधी वरच्या मातीत साचून राहतं आणि मुळांना मिळणारी कोरडी जागा उलट कमी होते. भोकावर एक खापरीचा तुकडा किंवा जाळीचा तुकडा ठेवा, बाकी सगळी माती भरा.

मातीची कुंडी श्वास घेते, त्यामुळे पाणी जास्त घालण्याची सवय असलेल्यांना ती वाचवते. प्लॅस्टिक किंवा फायबरची हलकी असते. झाड मोठं होणार हे ठरलेलं असेल तर वजनाचा विचार आत्ताच करा: १४ इंची कुंडी ओल्या मातीसकट ३०-४० किलोपर्यंत जाऊ शकते. चाकांचा स्टँड पहिल्या दिवसापासून घ्या. नंतर उचलून त्यावर ठेवायला दोन माणसं लागतील.

कुंडी बदलायला आपल्याकडे दोन काळ चांगले: थंडी सरल्यावर फेब्रुवारी-मार्च, आणि पावसाची सुरुवात. आदल्या दिवशी पाणी द्या म्हणजे गड्डा सुटतो. गोल गोल फिरलेली मुळं बोटांनी मोकळी करा, चिकट माती जमेल तेवढी झाडा, पण ओढाताण नको. खोड पूर्वी जितकं मातीत होतं तितकंच ठेवा. वर दीड इंच जागा मोकळी सोडा. भरपूर पाणी घालून आठवडाभर थेट उन्हापासून दूर ठेवा.

पाचवी पायरी: पाणी

'आठवड्यातून दोनदा' असं उत्तर शोधणाऱ्याला माझ्याकडे उत्तर नाही, आणि ते कोणी दिलं तर ऐकू नका. एकच झाड मे महिन्यात नागपुरात चार दिवसांत पाणी संपवेल आणि जुलैत रत्नागिरीत दोन आठवडे मागणार नाही. वाराप्रमाणे नको, मातीप्रमाणे पाणी द्या.

बोटाची दोन पेरं मातीत घाला. तेवढी माती कोरडी असेल तर पाणी द्यायची वेळ झाली. कुंडी १२ इंचांपेक्षा मोठी असेल तर बोट पुरत नाही, कारण वर कोरडं आणि खाली चिखल असं असू शकतं. त्यासाठी बांबूची बारीक काठी तळापर्यंत खुपसा, दहा मिनिटांनी काढा. खालचा निम्मा भाग ओला आणि माती चिकटलेला असेल तर थांबा. ही काठी कुंडीशेजारीच ठेवून द्या.

द्यायचं तेव्हा पोटभर द्या. तळातून पाणी वाहेपर्यंत सावकाश, सगळीकडून ओता. रोज कपभर पाणी घालणं हा सगळ्यात वाईट मार्ग: वरची माती कायम ओली, खालची मुळं कोरडी. अर्ध्या तासानं ताटलीतलं पाणी ओतून टाका. शोभेची बाहेरची कुंडी वापरत असाल तर तिच्यात साचलेलं पाणी दिसत नाही. आतली कुंडी उचलून बघायची सवय लावा.

पावसाळ्यात सगळ्यात जास्त झाडं जातात. ढगांमुळे उजेड कमी, हवा दमट, माती वाळत नाही, आणि आपण मात्र मे महिन्याच्या सवयीनं पाणी घालत राहतो. जून ते सप्टेंबर पाणी निम्म्याहून कमी होऊ शकतं. हिवाळ्यातही तसंच. रात्री पारा १० अंशांखाली जातो अशा नाशिक-निफाडकडच्या भागात झाड बाल्कनीतून आत घ्या आणि सकाळी नळाचं गार पाणी लगेच घालू नका, बादलीत काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. परदेशात थंड मुलुखात राहणाऱ्यांनी हिवाळ्यात काचेला चिकटलेली पानं आणि हीटरची कोरडी गरम हवा, दोन्ही टाळावं.

बोअरवेलचं पाणी असलेल्या घरांत कुंडीच्या कडेला आणि मातीवर पांढरा थर जमतो. ते क्षार. त्यानं पानांच्या कडा तपकिरी होतात. तीन-चार महिन्यांतून एकदा कुंडी न्हाणीघरात नेऊन कुंडीच्या दुप्पट-तिप्पट पाणी सावकाश सोडा म्हणजे क्षार वाहून जातात. पावसाचं पाणी साठवता आलं तर त्याहून चांगलं काही नाही.

सहावी पायरी: खत आणि पानं पुसणं

झाड वाढत असेल तेव्हाच खत. मार्च ते ऑक्टोबर, महिन्यातून एकदा १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात) हे पाण्यात विरघळणारं खत लिटरला एक ग्रॅम, आधी ओल्या असलेल्या मातीत. किंवा दोन महिन्यांतून दोन मुठी गांडूळखत. थंडीत बंद. उजेड कमी म्हणून वाढ थांबलेल्या झाडाला खत घालून ती सुरू होत नाही, मुळं मात्र जळतात. दूध-साखरेच्या चहाचा चोथा कुंडीत टाकू नका, बुरशी आणि चिलटं येतात.

पानांवर धूळ बसली की उजेड अडतो. दहा-पंधरा दिवसांनी मऊ ओल्या फडक्यानं, खालून तळहाताचा आधार देऊन, दोन्ही बाजू पुसा. खोबरेल तेल किंवा दूध लावून चकाकी आणू नका, त्यावर धूळ आणखी चिकटते. हेच पुसताना कीड पहिल्यांदा दिसते, म्हणून हे काम दुसऱ्यावर सोपवू नये असं मला वाटतं. याच वेळी कुंडी पाव वळण फिरवा, नाहीतर झाड खिडकीकडे झुकतं.

सातवी पायरी: आकार देणं आणि गुटी बांधणं

रबराचं झाड आपणहून सरळ वर जातं, फांद्या फुटत नाहीत. शेंड्याचा डोळा (म्हणजे कोंब) खालच्या डोळ्यांना दाबून ठेवतो. हव्या त्या उंचीवर, पानाच्या वर सेंटिमीटरभर सोडून, धारदार स्वच्छ सिकेटरनं (छाटणीच्या कात्रीनं) खोड कापा. काही आठवड्यांत खालचे एक-दोन डोळे फुगतात आणि फांद्या निघतात. मार्च ते ऑगस्ट हा काळ धरा. हातमोजे घाला, खाली जुनी वर्तमानपत्रं पसरा. चीक भळाभळा येतो, तो ओल्या फडक्यानं टिपा. कपड्यावर पडला की डाग जात नाही. डोळ्यांत जाऊ देऊ नका.

पण शेंडा कापून टाकण्याआधी त्याची गुटी बांधा, म्हणजे झाडावर असतानाच त्याला मुळं फुटू द्या. डाळिंबाच्या बागा असलेल्यांना ही कला सांगायला नको. पावसाच्या सुरुवातीला, शेंड्यापासून दीड-दोन फूट खाली, पेन्सिलीहून जाड खोडावर इंचभर रुंदीची साल गोलाकार काढा. चीक पुसा, आतला हिरवट ओलसर थर खरवडून घ्या, म्हणजे साल पुन्हा जुळणार नाही. वरच्या कापाला मुळं फुटण्याची पावडर लावा. भिजवून घट्ट पिळलेलं मॉस (नर्सरीत मिळणारं वाळलेलं शेवाळ) मूठभर घेऊन जखमेभोवती गुंडाळा, वरून प्लॅस्टिकचा कागद लपेटून दोन्ही टोकं सुतळीनं आवळा. मॉस सुकू देऊ नका. दीड-दोन महिन्यांत कागदातून पांढरी मुळं दिसू लागतात. ती भरपूर झाली की गुटीच्या खाली कापा, कागद सोडा, मॉस न काढता लहान कुंडीत लावा. नवं झाड मिळतं आणि मूळ झाडाला फांद्याही फुटतात. बियांची वाट बघू नका, या झाडाच्या परागीभवनाला त्याची ठराविक जातीची इवलीशी गांधीलमाशी लागते, ती घरात येणार नाही.

काय बिघडलं, कसं ओळखायचं

खालची पानं पिवळी पडून एकामागोमाग गळतायत आणि माती ओली आहे: पाणी जास्त. पाणी थांबवा, उजेड वाढवा. मातीला आंबूस वास येत असेल तर झाड बाहेर काढून काळी मऊ मुळं कापा आणि ताज्या कोरड्या मिश्रणात लावा. वर्षाकाठी सगळ्यात खालचं एखादं पान पिवळं होऊन पडणं मात्र नैसर्गिक आहे.

पानं मलूल, माती कुंडीच्या कडेपासून सुटलेली: तहान. कुंडी बादलीत पाऊण तास ठेवून तळातून पाणी पिऊ द्या.

दोन पानांमधलं अंतर वाढत चाललंय, नवी पानं लहान: उजेड कमी.

कापसासारखे पुंजके म्हणजे पिठ्या ढेकूण, खोडावर घट्ट बसलेल्या तपकिरी टिकल्या म्हणजे खवले कीड. स्पिरिटमध्ये बुडवलेल्या कापसानं एकेक पुसा. पानांखाली बारीक जाळी आणि वर फिकट ठिपके म्हणजे लाल कोळी, तो कोरड्या हवेत येतो. झाड न्हाणीघरात नेऊन पानांखालून पाण्याचा फवारा मारा. त्यानंतर सगळ्यांसाठी एकच उपाय: लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि थोडा पातळ साबण, संध्याकाळी, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. मधे सोडलंत तर अंड्यांतून नवी पिढी येते.

झाड छताला टेकल्यावर

१६ इंची कुंडीपुढे घरात जाऊ नये. त्यानंतर कुंडी तीच ठेवून दोन-तीन वर्षांनी गड्डा बाहेर काढा, बाहेरचा आणि तळाचा पाव भाग मुळांसकट धारदार सुरीनं कापा, नवी माती भरा आणि वरचाही तेवढाच भार छाटा. हे दोघांनी करायचं काम आहे. ज्या वर्षी जमणार नाही त्या वर्षी वरची दोन-तीन इंच माती काढून ताजं मिश्रण घाला.

कंटाळून ते सोसायटीच्या आवारात भिंतीलगत लावू नका. जमिनीत गेलं की त्याची मुळं कुंपणभिंत, फरशी, गटारं उचलतात. मग तोडायचं ठरवलं तरी महाराष्ट्रात शहरी भागात १९७५ च्या झाडांच्या संरक्षण व जतन अधिनियमाप्रमाणे वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घ्यावी लागते. घरात मावेनासं झालं तर मोकळं आवार असलेली शाळा किंवा फार्महाऊसवाले नातेवाईक शोधा, इमारतीपासून किमान १२-१५ मीटर दूर जागा मिळते का ते बघा, आणि देण्याआधी शेंड्याची गुटी बांधून एक रोप घरात ठेवून घ्या.